आठपट जोर, काम तेवढंच

यवतमाळ जिल्ह्यात नळयोजना गावोगाव पोचल्या, तरी हापशी सुटलेली नाही. मार्च सरला, टाकीत पाणी चढेनासं झालं की शाळेजवळच्या नाहीतर पांदणीच्या तोंडाशी असलेल्या हापशीवर गुंड-घागरींची रांग लागते. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं तळाला गेली, तेव्हा शहरातल्या वस्त्यांनाही हापशी आणि टँकरची वाट धरावी लागली. त्या रांगेत दहा-बारा वर्षांच्या पोरीही असतात. दांड्यावर अंग टाकतात आणि पाणी येतं. पाणी तीस मीटर खोल असेल तर ती पोर दर खेपेला नेमकं किती वजन वर ओढते, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

गावोगावच्या हापशा बहुतेक 'इंडिया मार्क दोन' या बनावटीच्या. तिच्या जमिनीखालच्या सिलिंडरचा आतला व्यास 63.5 मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापात अडीच इंच. दट्ट्या एका खेपेत 125 मिलिमीटर वर सरकतो. दांड्याच्या लांब आणि आखूड बाजूंचं प्रमाण आठास एक. दट्ट्याच्या डोक्यावर तीस मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा असतो. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस सेंटिमीटर, म्हणून त्यात 95 लिटर पाणी मावतं. हे झाले 95 किलो. दट्ट्या ओढणाऱ्या लोखंडी सळ्यांचे आणखी पंचवीसेक किलो धरा. एकूण 120 किलो. कापसाचं भरलेलं पोतंही इतकं जड नसतं आणि इथे शाळकरी पोर ते मिनिटाला चाळीस वेळा उचलते. आठाने भागलं की तिच्या वाट्याला पंधरा किलो येतात. दांडा स्वतः भरीव लोखंडाचा असल्यामुळे त्याचं वजन तिच्याच बाजूने पडतं आणि सळ्यांचा बराचसा भार तोच पेलतो.

मग उरलेले शंभरावर किलो कोण उचलतं? तरफेवरच्या सगळ्या लिखाणाचा खरा प्रश्न हा आहे. त्याला तीन उत्तरं दिली जातात. एक बलाचं, एक आघूर्णाचं, एक ऊर्जेचं. तिन्ही बरोबर आहेत, पण तिघांचं वजन सारखं नाही. आपल्या शाळांमध्ये ती ज्या क्रमाने येतात तो क्रम मला उलटा वाटतो.

ऊर्जेपासून सुरुवात करू. दांड्याचं टोक एक मीटर खाली जातं तेव्हा दट्ट्या साडेबारा सेंटिमीटर वर येतो. एका खेपेला पाणी मिळतं साधारण 0.4 लिटर. तेवढं पाणी तीस मीटर चढवायला सुमारे 117 ज्यूल लागतात. दांड्याच्या बाजूने बघा: 95 किलोला आठाने भागून आलेले बारा किलो, म्हणजे 117 न्यूटन, गुणिले एक मीटर. पुन्हा 117 ज्यूल. सळ्यांचा भार यात धरला नाही, कारण त्या जेवढ्या वर जातात तेवढ्याच परत खाली येतात. पोरीने जेवढं काम घातलं तेवढंच पाण्याला मिळालं, आणि प्रत्यक्षात त्यातलंही थोडं घर्षणात गेलं. तिने जोर आठपटीने कमी लावला, त्याची किंमत हात आठपट लांब फिरवून चुकती केली. पंधरा लिटरची बादली भरायला अशा अडतीस खेपा लागतात आणि काम होतं सुमारे 4,400 ज्यूल. आहाराच्या भाषेत एक किलोकॅलरीपेक्षा किंचित जास्त. स्नायू खाल्लेल्या अन्नाचा चौथा-पाचवा हिस्साच कामात उतरवतात, म्हणून शरीराला बादलीमागे चार-पाच किलोकॅलरी मोजाव्या लागतात. तीस मीटरवरून पाणी काढण्याचा हा भाव. यात तरफेने एक पैसाही सूट दिलेली नाही.

सूट मिळत नसेल तर तरफ कशाला, असं कुणी विचारेल. कारण माणसाच्या हाताला मर्यादा असते ती जोराची. एकूण कामाची मर्यादा बरीच पुढे येते. 120 किलो साडेबारा सेंटिमीटर उचलणं बहुतेकांना जमणार नाही, पण पंधरा किलो एक मीटर खाली दाबणं कुणालाही जमतं. काम तेच. स्नायूला पेलेल अशा हप्त्यांत ते तोडून द्यायचं, एवढीच तरफेची कामगिरी आणि ती लहान नाही.

इथे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडतात, म्हणून थोडं थांबतो. दांडा अर्ध्यावर दाबून नुसता धरून ठेवला तर काहीच सरकत नाही. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने काम शून्य. पण दंड भरून येतात. कारण स्नायू खुंटीसारखा अडकून राहत नाही. त्यातले तंतू सतत आखडत आणि सुटत असतात आणि त्यासाठी अन्न जळत राहतं. ही ऊर्जा पाण्याला न मिळता अंगातच उष्णता होऊन जाते. दांड्याला तेवढाच दगड टांगला असता तर तो न दमता वर्षभर लोंबकळला असता.

ऊर्जेचं हे उत्तर इतिहासात मात्र उशिरा आलं. पहिला पद्धतशीर पुरावा आर्किमिडीजचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, आणि त्यात ऊर्जेचा मागमूस नाही. त्याची युक्ती अशी. टेकूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सारखी वजनं ठेवली तर दांडी समतोल राहणार, हे कुणीही मान्य करील. आता डाव्या बाजूला एक हात अंतरावर दोन किलो ठेवा. ते दोन किलो फोडून एकेक किलोचे दोन तुकडे करा. एक तुकडा एक हात बाहेर सरकवा, दुसरा एक हात आत. मध्य जागचा हलला नाही, म्हणजे परिणामही बदलायला नको. आत सरकवलेला तुकडा आला नेमका टेकूवर, तिथे तो निरुपयोगी. बाहेरचा गेला दोन हातांवर. त्याला तोलायला उजवीकडे दोन हातांवर एक किलो पुरतो. म्हणजे एक हातावरचे दोन किलो बरोबर दोन हातांवरचा एक किलो. तरफेचा नियम सिद्ध!

सिद्ध झाला का? अर्न्स्ट माख यांनी 1883 मधल्या यांत्रिकीवरच्या आपल्या ग्रंथात हरकत घेतली की वजन असं फोडून दोन्हीकडे सरकवलं तरी परिणाम बदलत नाही, हे गृहीत धरणं म्हणजेच तरफेचा नियम गृहीत धरणं आहे. निव्वळ सममितीतून वजन गुणिले अंतर हा गुणाकार बाहेर पडत नाही, कुठेतरी अनुभव आत घ्यावाच लागतो. हा वाद नंतरही चालला. मला माखची बाजू पटते, तरी आर्किमिडीजची युक्ती वर्गात दाखवण्यासारखी आहे, कारण ती पट्टी आणि चार खोडरबरांवर पाच मिनिटांत होते.

ऊर्जेच्या वाटेवर एक ठळक पाऊल गॅलिलिओचं. 1600 च्या सुमारास यंत्रांवरच्या टिपणात त्याने बजावलं की यंत्र निसर्गाला फसवू शकत नाही. जोरात जे वाचतं ते अंतरात आणि वेळात जातं. पुढे 1788 मध्ये लाग्रांजने हेच तत्त्व साऱ्या यांत्रिकीच्या पायाशी ठेवलं: समतोल असलेल्या यंत्राला कल्पनेत किंचितसं हलवा, सगळ्या बलांनी केलेल्या कामांची बेरीज शून्य यायला हवी. तरफ असो, कप्पी असो की स्क्रू, ही एकच कसोटी पुरते. पृथ्वी उचलण्याची आर्किमिडीजच्या नावावरची बढाईही याच कसोटीवर घासून बघता येते. साठ किलोच्या जोरावर पृथ्वीएवढं वस्तुमान एक सेंटिमीटर सरकवायचं तर दांड्याचं दुसरं टोक सुमारे एक लाख प्रकाशवर्षं फिरवावं लागेल. आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण तेवढा आहे.

आता बलाचं उत्तर. ते पुस्तकांत सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात अर्धवट राहतं. हापशीच्या दांड्याच्या एका टोकाला 120 किलोची ओढ खाली, दुसऱ्या टोकाला पंधरा किलोचा दाब खाली. दांडा तरीही जागेवर आहे, म्हणजे कुणीतरी त्याला 135 किलोने वर रेटत असणार. तो टेकू. पोरीला न उचलावे लागलेले किलो कोण पेलतं, याचं बलाच्या भाषेतलं उत्तर हेच: टेकू, टेकूखालचा लोखंडी खांब आणि खांबाखालचं काँक्रीट. जिंकणारा हात आणि हरणारा भार यांच्या गोष्टीत टेकूचं नाव कुणी घेत नाही आणि तरफेत सर्वांत जास्त तोच सोसतो.

हापशीच्या इतिहासाने हे महाग पडून शिकवलं. 1960 च्या दशकात बोअर खोदायची यंत्रं आली आणि काळ्या खडकातून खोलवरचं पाणी हाताशी आलं. यवतमाळचा बराचसा भाग त्याच बसाल्टवर बसलेला. पण बोअरवर बसवलेले पंप बिडाचे होते आणि एका कुटुंबाच्या अंगणासाठी बेतलेल्या परदेशी नमुन्यांवरून घेतलेले. त्यांच्यावर सगळं गाव पाणी भरू लागलं तेव्हा ते दांड्याच्या खिळीपाशी, म्हणजे टेकूपाशी, झिजून मोडू लागले. याच सुमारास 1972 चा दुष्काळ पडला. त्या काळात महाराष्ट्रातच या दुखण्यावर इलाज शोधला जात होता. जालना आणि सोलापूर इथे बोअर खोदणाऱ्या मंडळींच्या कार्यशाळांतून पोलादी पंप बनले. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' ही नावं या विषयातल्या लोकांना आजही माहीत आहेत. सोलापूरच्या नमुन्यावरून, युनिसेफच्या मदतीने, 1970 च्या दशकात 'इंडिया मार्क दोन' घडला आणि 1979 मध्ये त्याला भारतीय मानक मिळालं, क्रमांक 9301. पुढे तो आफ्रिकेतही पोचला.

त्याच्या डोक्याचं झाकण उघडलेलं दिसलं तर जरूर डोकावून बघा. आत टेकू एकच आहे आणि तो बंद बॉल बेअरिंगवर फिरतो. दांड्याच्या आखूड टोकाला वर्तुळाच्या पाकळीसारखा लोखंडी तुकडा आहे, त्याच्या कडेवरून साखळी खाली सुटते आणि साखळीला सळ्या. साध्या तरफेत दांडा वरखाली झाला की भाराचं टेकूपासूनचं अंतर बदलतं, शिवाय सळई तिरकी ओढली जाऊन घासते. इथे साखळी पाकळीवर गुंडाळली जाते, म्हणून दांडा कुठेही असो, अंतर तेच आणि ओढ सरळ खाली. एक उणीव मात्र राहिली. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या परत खाली जातो तो सळ्यांच्या वजनाने. पाणी उथळ असलं तर सळ्या कमी, वजन कमी, आणि दट्ट्या रेंगाळतो. खोल बोअरला गुणी ठरलेला पंप उथळ विहिरीवर कुरकुरतो तो यामुळे.

आघूर्ण समजायला हापशीपेक्षा बैलबंडी बरी. आघूर्ण म्हणजे बल गुणिले टेकूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर. शब्द जड आहे, पण कापूस भरलेली बंडी हाकणाऱ्याला ही गोष्ट हाडामासात ठाऊक असते. बंडीचा टेकू म्हणजे आस. मागे भार जास्त झाला की जू वर उठतं, बंडी उलाळ होते. पुढे जास्त झाला की बैलांच्या माना दबतात. समजा बंडीत दहा क्विंटल माल आहे, त्याचा मध्य आसाच्या दहा सेंटिमीटर पुढे आहे आणि आसापासून जू तीन मीटरवर. हजार किलो गुणिले दहा, भागिले तीनशे: दोन मानांवर मिळून तेहतीस किलो. हे बेताचं ओझं. पोती नुसती वीस सेंटिमीटर पुढे सरकली की तेच ओझं शंभर किलो होतं. माल तोच, बंडी तीच, रस्ता तोच, आणि बैल संध्याकाळी मान टाकून उभे राहतात.

कापसाची गोष्ट याहून अवघड, कारण कापूस फुगीर. दहा क्विंटल कापूस भरायचा तर ताट्या लावून बंडी उंच रचावी लागते आणि मालाचा मध्य आसाच्या वर मीटर-सव्वा मीटरवर जातो. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. चढ लागला की तो उंच मध्य मागे कलतो. मध्य 120 सेंटिमीटर उंच आणि चढ पाचेक अंशांचा असेल तर तो मागे सरकतो साधारण दहा सेंटिमीटर. म्हणजे भरताना पुढे ठेवलेली सगळी शिल्लक संपली, मानेवरचा दाब शून्य, आणि आणखी थोडा चढ आला की जू वर उठून जोत्यांनी बैलांचे गळे आवळले जाणार. उतारावर उलट, तेहतिसाचे सत्तरच्या आसपास. पुसद, महागाव, उमरखेडकडच्या चढउतारांवर बंडी हाकणारा चढाला धुरेवर पुढे सरकून बसतो आणि उतार लागला की खाली उतरून चालतो. साठ किलोचा माणूस आसाच्या दीड मीटर पुढे बसला की जुवावर तीस किलो वाढतात. तेवढ्याने उलाळ थांबते. गणित न मांडता वरचं सगळं समीकरण त्याने सोडवलेलं असतं.

जूदेखील तरफच आहे आणि ती मला बंडीहून अधिक आवडते. औताची दांडी जुवाच्या बरोबर मध्यावर बांधली तर दोन्ही बैलांना अर्धा-अर्धा भार. एक बैल थकलेला किंवा कोवळा असला तर शेतकरी बांधणी दांडग्या बैलाकडे सरकवतो. जुवाचा प्रत्येक हात 75 सेंटिमीटर असताना बांधणी पाच सेंटिमीटर सरकवली तर हात होतात 70 आणि 80, आणि भार विभागला जातो 80 ला 70 असा, आखूड हाताच्या बैलाकडे जास्त. दोघेही चालतात सारखंच अंतर, म्हणून कामाची वाटणीही त्याच प्रमाणात. जोराच्या बदल्यात अंतर, हा तरफेचा नेहमीचा सौदा इथे दिसत नाही. दोन बैलांत श्रमाची वाटणी एवढंच जू करतं. तो सौदा दिसतो एक बैल पुढे झाल्यावर, तेव्हा जू तिरकं होतं आणि मागच्याला आपला हिस्सा भरावा लागतो.

आघूर्णाबद्दल एक घोळ नेहमीचा. त्याचं एकक न्यूटन-मीटर, कामाचंही न्यूटन-मीटर, म्हणजे ज्यूल. मग दोन्ही एकच का? नाही. कामात अंतर बलाच्या दिशेने मोजलेलं असतं, आघूर्णात काटकोनात. गंजलेल्या नटाला पान्हा लावून कितीही दाबा, नट हलला नाही तर आघूर्ण भरपूर आणि काम शून्य. आघूर्णाला फिरलेल्या कोनाने गुणलं की काम मिळतं, आणि तिथेच आघूर्णाचं उत्तर ऊर्जेच्या उत्तराला येऊन मिळतं. दांड्याची दोन्ही टोकं एकाच कोनातून फिरतात. म्हणून दोन्हीकडची कामं सारखी असतील तर दोन्हीकडची आघूर्णंही सारखीच असणार.

दगड उपटायला सब्बल घालणारा मजूर दांड्याच्या शेवटच्या टोकाला आणि दांड्याशी काटकोनात जोर लावतो. तिरका लावला तर काटकोनातलं अंतर घटतं आणि जोर वाया जातो. सब्बलऐवजी लाकडी बल्ली घेतली तर ती मोडते नेमकी टेकूपाशी. कारण जोर एका टोकाकडून दुसरीकडे जातो तो दांड्याच्या आतून. बल्लीचा वरचा थर ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि हा वाक टेकूवर सर्वांत जास्त असतो. म्हणून जाणता माणूस गाठ असलेली बाजू टेकूवर येऊ देत नाही. अमर्याद लांब तरफ कागदावरच असते, वावरात तिला लाकडाची ताकद आवरते.

ऊर्जा आणि जोर यांतला फरक डोळ्यांना दाखवणारं अवजार म्हणजे पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उपटायचा चिमटा. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला तेव्हापासून फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेलं पीक, ठेवू नका, हंगाम संपताच पऱ्हाट्या मुळासकट काढा, हे कृषी खातं दरवर्षी सांगतं, कारण उभ्या पऱ्हाटीत अळीचा मुक्काम लांबतो. डिसेंबर-जानेवारीत काळी जमीन वाळून दगड झालेली असते. हाताने ओढलं तर तळवे सोलून निघतात आणि कंबर जाते. चिमट्याला मीटरभराहून लांब लोखंडी दांडा, खालच्या टोकाला दातेरी जबडा आणि जमिनीवर टेकणारी बैठक. जबड्यात खोड बुंध्याशी धरायचं आणि दांडा खाली दाबायचा. हाताची बाजू 120 आणि जबड्याची 12 सेंटिमीटर धरली तर दहापट. मुळं सुटायला पहिले तीन-चार सेंटिमीटरच काय ते जड, तेवढ्यासाठी हात तीस-चाळीस सेंटिमीटर फिरतो. एकूण ऊर्जा फारशी लागत नाही, पण ती क्षणभर आणि फार मोठ्या जोराने हवी असते. तो क्षणाचा जोर कंबरेच्या आवाक्याबाहेरचा, चिमट्याच्या आवाक्यातला.

शरीराचा सौदा बहुधा उलट्या दिशेने असतो. कोपर हा टेकू, दंडाचा स्नायू त्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला आणि तळहात पस्तीसेक सेंटिमीटरवर. हातात दहा किलोची बादली धरली तर स्नायूला सत्तर-ऐंशी किलोने ओढावं लागतं. हा तोटा वाटेल, पण स्नायू सेंटिमीटरभर आखडला की हात सात-आठ सेंटिमीटर झेपावतो. ज्वारीच्या राखणीला मचाणावर बसलेला राखणदार हाच सौदा गोफणीने आणखी ताणतो. दोर हाताची लांबी वाढवतो आणि खडा नुसत्या हाताने जाईल त्याच्या कितीतरी पुढे जातो. जोर गेला, वेग मिळाला.

टेकू मध्ये, भार मध्ये, बल मध्ये, असे तरफेचे तीन प्रकार शाळेत पाठ करवून घेतात. कात्री पहिल्यात, अडकित्ता दुसऱ्यात, स्वयंपाकघरातला चिमटा तिसऱ्यात. परीक्षेला सोयीचं आहे. पण मुलाने अडकित्ता बरोबर खान्यात टाकला म्हणून सुपारी का फुटते हे त्याला कळलं असं होत नाही. प्रकार कोणता हे बघून जोर वाढेल की वेग, हेसुद्धा नेहमी कळत नाही. पहिल्या प्रकारात दोन्ही होऊ शकतं, टेकू कुठे आहे त्यावर ते ठरतं. त्याऐवजी दोनच गोष्टी विचारायला शिकवाव्यात: कोणतं टोक किती फिरलं, आणि टेकूवर किती आलं? पहिल्याने ऊर्जेचा हिशेब लागतो, दुसऱ्याने अवजार कुठे मोडेल ते कळतं.

राहिला काटा, आणि कापसाच्या मुलखात तो सगळ्यात नाजूक विषय. टांगलेल्या तराजूच्या दांडीचे दोन्ही हात सारखे असतील तरच माप खरं. एक हात 49 आणि दुसरा 51 सेंटिमीटर असेल, आणि माल आखूड हाताकडे टांगला, तर शंभर किलो कापूस भरतो 96 किलो. क्विंटलमागे चार किलो गेले. रिकामी पारडी समान उभी आहेत ना, एवढं बघून शेतकरी समाधान मानतो, पण काटा मारणारा आखूड बाजूचं पारडं आधीच थोडं जड करून ठेवतो. रिकामा तराजू त्यामुळे निर्दोष दिसतो आणि माल चढला की खोटं बोलतो. उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. माल आणि वजनं यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचं. सच्च्या काट्यात आकडा तोच येतो. खोट्यात एकदा 96 आणि एकदा 104 येईल. दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं तर खरं वजन शंभर मिळतं. वावरात वर्गमूळ कोण काढतो? बेरीज करून अर्धं केलं तरी फरक काही ग्रॅमांचाच.

किराणा दुकानातल्या, वर पारडी असलेल्या काट्याची युक्ती फ्रान्सच्या रोबेर्व्हालची, 1669 मधली. त्यात माल पारड्याच्या मध्यावर ठेवा की कडेला, वजन बदलत नाही. आघूर्णाने विचार करणारा इथे गोंधळतो, कारण अंतर तर बदललं! ऊर्जेने विचार केला तर कोडं उरत नाही. दांड्यांच्या समांतर चौकटीमुळे पारडं आडवंच राहून वरखाली होतं. मग त्यावरची वस्तू कुठेही असो, ती एका पारड्यावर जेवढी खाली जाते तेवढीच दुसरी वर येते. तीन उत्तरांत ऊर्जेला पहिला मान द्यावा असं मी म्हणतो, ते अशा काट्यांमुळे.

आख्खी बंडी तोलणारा काटा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या थॅडियस फेअरबँक्स याने रूढ केला. त्याचं पेटंट 1831 चं आणि निमित्तही ओळखीचं: तागासारख्या हेंप पिकाच्या गाड्या मोजायच्या होत्या. फळीखाली चार कोपऱ्यांना तरफा, त्या पुढच्या तरफेवर, ती आणखी पुढच्या, असं करत प्रमाण शंभरास एक केलं की दहा क्विंटलची बंडी दहा किलोच्या वजनाने तोलली जाते. जिनिंगच्या आवारात भरली बंडी आणि मग रिकामी बंडी मोजायची रीत त्याच काट्यांवर बसली. आता तिथे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत आणि तरफ गेली असं वाटतं. गेलेली नाही. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात धातूची एक लहान दांडी असते, मालाच्या वजनाने ती केसभर वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारांचा विद्युतरोध बदलतो. त्या दांडीचं पोट कोरून केलेली रचना रोबेर्व्हालच्या समांतर चौकटीचीच, म्हणून ताटलीच्या कोपऱ्यात ठेवलेला मालही तोच आकडा दाखवतो.

अशा काट्याची पारडी बदलता येत नाहीत, पण कसोटी घेता येते. माल ताटलीच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा बदलतो का बघा. शक्य असेल तर घरून माहीत वजनाची एखादी वस्तू न्या आणि आधी ती ठेवायला सांगा. शिवाय वैधमापन खात्याच्या पडताळणीचा शिक्का बघा. नियमाप्रमाणे दांडीच्या तराजूची पडताळणी चोवीस महिन्यांतून एकदा आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. त्याचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावणं काटेवाल्यावर बंधनकारक आहे. कापूस ओतण्याआधी ते वाचून घ्या.